पाचव्याचा वाटा

बटणवालीच्या घरात माणसं चार होती आणि वाटे पाच पडायचे.

पगाराच्या दिवशी ती घरात शिरली की आधी दाराला कडी लावायची. मग आपला आणि नवऱ्याचा पगार जमिनीवर एकत्र ओतायची. भाडं, शिधा आणि विजेचं बिल बाजूला सारून झालं की उरलेल्याचे ढीग लावायला बसायची. एक नवऱ्याचा, एक स्वतःचा, एक थोरल्या मुलीचा, एक धाकट्या मुलाचा. आणि भिंतीच्या बाजूला, जिथे कुणी बसलेलं नसायचं तिथे, एक पाचव्याचा.

पाचवा नव्हताच. तो कधी जन्मला नव्हता, वारला नव्हता, हरवलाही नव्हता. बटणवालीने तो हिशेबापुरता उभा केला होता.

त्यामागे तिच्या बापाची गोष्ट होती. बाप घड्याळं दुरुस्त करायचा. एका हिवाळ्यात त्याचे हात थरथरायला लागले ते थांबलेच नाहीत. घरात अडीअडचणीला म्हणून एक डबा ठेवलेला होता. तो खाली काढून उघडला तर आत तळ. चोरी कुणीच केली नव्हती. आईने एकदा साबणाला उचलले होते, भावाने एकदा वहीला, बापाने स्वतः पाहुण्यांच्या चहाला. जो पैसा कुणाचाच नसतो तो सगळ्यांचा होतो, आणि सगळ्यांचा झाला की बघता बघता उडतो, हे बटणवालीने त्या डब्याच्या तळाकडे बघत शिकून घेतलं. मग ती शाळा सोडून शर्टाच्या कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर बसली आणि पुढे आयुष्यभर तिथेच बसली.

त्या कारखान्यात मालकाने एकदा बचतीवर बोलायला एक गृहस्थ आणले होते. गळ्यात टाय, हातात स्वतःच्या पाण्याची बाटली. म्हणाले, अनावश्यक खर्चाला कात्री लावा. गरिबाला काटकसर शिकवणाऱ्यांची एक वेगळी पलटणच असते. ती कुठूनही येते आणि चहा पिऊन जाते. बटणवाली उठून उभी राहिली.

"साहेब, माझ्या घरी अनावश्यक काय आहे ते तुम्हीच येऊन दाखवा. सापडलं तर फुकट घेऊन जा."

सगळं टेबल हसलं. गृहस्थ पाणी प्याले. मुकादमाने बटणवालीचा त्या दिवसाचा चहा बंद केला.

बँकेतही ती जाऊन आली होती. तिथे कळलं की खात्यात अमुक एक रक्कम नसेल तर दंड कापतात. "माझेच पैसे कमी, म्हणून मलाच दंड?" असं तिने खिडकीतल्या माणसाला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता होते तेवढे काढून घरी आणले. कारखान्यातल्या चिंध्यांच्या पिशव्या शिवल्या. प्रत्येक पिशवीला एक काज आणि एक बटण. बुटांची एक, बसभाड्याची एक, कपड्यांची एक, औषधाची एक आणि सटरफटर सगळ्याची एक. पत्र्याच्या पेटीत पाचही ठेवल्या. समोरच्या खोलीतल्या चाभीवाल्याकडून पेटीला कुलूप बसवून घेतलं. पण कुलपाने नवरा थांबतो, मन थांबत नाही. म्हणून तिने त्या पैशाला धनी दिला. अडीअडचणीच्या डब्यात हात घालणं सोपं असतं. घरातल्या एका पोराचे बुटाचे पैसे उचलताना मात्र हात आखडतो.

नियम साधा होता. जे चौघांसाठी घ्यायचं त्याची पाचव्यापुरती किंमत पिशवीत टाकायची. बसने गेलं तर चार तिकिटं फाडायची आणि पाचव्याचं भाडं घरी आल्यावर त्याच्या पिशवीत. बूट घ्यायला गेली की बटणवाली पाचव्यासाठीही जोड काढायला लावायची, उलटसुलट करून बघायची, भाव पाडायची, आणि न घेता परत ठेवायची. पाडलेल्या भावाएवढे पैसे पिशवीत जायचे.

"अहो बाई," बूटवाला एकदा कावून म्हणाला, "घ्यायचा नाही तर भांडता कशाला?"

"घ्यायचा नाही म्हणून काय जास्त देऊ?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. हात सढळ, जीभ त्याहून सढळ. पाचव्यावरून बायकोची चेष्टा करायचा त्याला छंदच लागला. "आज पाचव्याने दाढी केली नाही वाटतं." "पाचवा नापास झाला तरी फी भरतेस?" पोरंही त्यात सामील. पहिल्यांदा पाचव्याला बसमध्ये अर्धं तिकीट होतं. एका वर्षी बटणवालीने ते पूर्ण केलं.

"हे काय!" धाकटा ओरडला. "तो माझ्याएवढा होता ना? माझं अर्धं आणि त्याचं पूर्ण?"

"त्याला मिशा फुटल्यात."

"तू बघितल्यास?"

"मी नाही बघणार तर कोण बघणार?"

सगळे हसले. बटणवालीही हसली. घरात हसायला तसा तो स्वस्तात पडत होता.

मग एका इमारतीत दोरखंड निसटला आणि नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं चाकात सापडली. हात वाचला, पण पाना धरण्याजोगा राहिला नाही. कंपनीने उपकार केल्यासारखं त्याला एका मोठ्या दुकानाच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसवलं. वर, खाली, वर, खाली. पगार निम्मा.

"बघ," तो घरी येऊन म्हणाला, "आता मीही दिवसभर बटणंच दाबतो." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्या महिन्यात ढीग लावताना बटणवाली फार वेळ बसून राहिली. पाच ढीग पडत नव्हते. पडले तर एवढे बारीक की कुणाच्याच पायात काही येणार नव्हतं. एक वाटा मोडायलाच हवा होता. नवरा भिंतीच्या बाजूच्या ढिगाकडे बघत होता. तिने आपला ढीग उचलला आणि बाकीच्या चारांत वाटून टाकला.

"अगं, त्याचा मोड ना."

"त्याला हात लावायचा नाही."

"तो नाहीये, बाई!"

"म्हणूनच. तो मागायला येणार नाही, तेव्हा मलाच द्यायला हवं. आज तुमची बोटं गेली, उद्या माझे डोळे जातील. तेव्हा हाच पोसणार आहे आपल्याला."

यात चूक काय होती? हिशेबात काहीच नव्हती. पाच वाट्यांचे चार झाले, बचत शाबूत राहिली. टायवाल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या असत्या. काट मारली होती ती एका बाईच्या नावावर, आणि तशी काट कुणाच्या डोळ्यांत येत नाही. तिने चष्मा घेतला नाही. बूट फाटले तेव्हा आतून शर्टाची चिंधी लावली. चालत कामावर जायची, म्हणून सगळ्यांच्या आधी निघायची आणि सगळ्यांच्या नंतर परतायची. सुट्टीच्या दिवशी नवरा पोरांना घेऊन तळ्यावर बोटीत बसायला जायचा तेव्हा ती घरी थांबायची. तीन तिकिटं प्रत्यक्ष आणि चौथ्या तिकिटाचे पैसे पाचव्याच्या पिशवीत. ती घरात अंगावरची बटणं लावत बसायची, म्हणजे नगावर आणलेली जादाची.

अशाच एका सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पायरीवर बसणाऱ्या फळवालीने तिला हटकलं.

"काय गं, काल चौघं गेलात बोटीला. मजा झाली?"

"मी नव्हते मावशी. तिघंच गेले."

"चौघं गं. तुझा नवरा, पोरगी, पोरगा आणि तो उंच मुलगा. जरा मागून चालत होता. तपकिरी बूट, लेसवाले. बोलत नाही वाटतं फारसा."

बटणवालीच्या पाठीवरून कुणीतरी ओला हात फिरवल्यासारखं झालं. गेल्याच महिन्यात ती एकटीच थोरलीचे बूट आणायला गेली होती. पाचव्यासाठी तिने एक जोड काढायला लावला होता, पाऊण तास घासाघीस केली होती आणि परत ठेवला होता. तपकिरी, लेसचा. घरी कुणाला रंग सांगितला नव्हता.

"मावशी, चष्मा बदल," ती म्हणाली आणि झपाझप चालू लागली. चष्मा खरं तर तिलाच हवा होता.

पुढे हे वाढत गेलं. कारखान्यात मुकादम हजेरी घेताना तिच्यावरून पुढे जायचा, ती "मी?" म्हणायची तेव्हा दचकायचा. एका संध्याकाळी ती जिना चढून आली तर चाभीवाला दारात कानस घासत बसला होता. पेटीचं कुलूप त्यानेच बसवलेलं. तिच्या हातचा चहा प्यायलेला माणूस. त्याने मान वर केली आणि अदबीने विचारलं, "कुणाकडे आलात?"

"दादा, डोकं ठिकाणावर आहे का? माझ्या घरी आलेय."

तो ओशाळला. "हो हो, माफ करा. तुम्ही यांच्या कोण, बहीण का?"

तिने दार एवढ्या जोरात आपटलं की वरच्या मजल्यावरचं पोर रडायला लागलं. आत गेली. घरची जेवायला बसली होती. ताटं चार मांडलेली होती. नवरा, थोरली, धाकटा. चौथ्या ताटात भात वाढलेला होता, वाफ निघत होती. आपल्यासाठीच, असं समजून ती हात धुऊन त्या ताटाकडे गेली.

"थांब आई," धाकटा घास चावत म्हणाला, "तुझं वाढायचं राहिलं." आणि पाचवं ताट आणायला उठला.

थोरलीने पाण्याचा गडू पुढे सरकवला. कुणीच काही वावगं झाल्यासारखं बघत नव्हतं. बटणवाली चौथ्या ताटासमोर उभी होती.

"हे कुणाचं?"

धाकटा ताट घेऊन परत आला होता. तो चौथ्या ताटाकडे बघून थबकला. मग त्याचा चेहरा रडवेला झाला. "माहीत नाही. मी नेहमी मांडतो."

पोरं झोपल्यावर तिने नवऱ्याला दंडाला धरून विचारलं, "खरं सांगा. तुम्हाला तो दिसतो?"

नवरा हसण्यावारी नेईल अशी तिची आशा होती. तो आपली आखूड बोटं चोळत राहिला.

"दिसत नाही गं," तो म्हणाला. "पण बसमध्ये बसलो की जरा सरकून बसतो. सवय झालीय."

त्याच सुमाराला मालक इमारत विकायला निघाला. त्याचा कारभारी आला, जिन्यात कागद चिकटवून गेला. जो ज्या खोलीत राहतो त्याला ती जुन्या भावात मिळेल. ठरलेली रक्कम आठवड्याच्या आत रोख, बाकी हप्त्यांनी. नाहीतर सामान उचला. जिन्यात रडारड झाली. बटणवालीने कागद दोनदा वाचून घेतला, थोरलीकडून तिसऱ्यांदा वाचवून घेतला, आणि खोलीत येऊन पेटी उघडली. पाचही पिशव्या जड होत्या. बेरीज केली, पुन्हा केली. रक्कम जेमतेम भरत होती. तिने पेटीवर डोकं टेकलं. बापाचा डबा तिने शेवटी भरून दाखवला होता.

तळमजल्यावरच्या रिकाम्या दुकानात कारभाऱ्याने टेबल टाकलं होतं. माणूस सरळ होता, पण फूटपट्टीसारखा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून त्याने आधीच कोणत्या खोलीत कोण राहतं ते नोंदवलं होतं. बटणवाली, नवरा आणि पोरं समोर उभी राहिली. बाकी भाडेकरू दाराशी गर्दी करून होते.

"तुमच्या खोलीत चौघं," कारभारी नवऱ्याला म्हणाला. "तुम्ही, ही मुलगी, हा मुलगा आणि मोठा मुलगा. मोठा सज्ञान आहे, त्याची सही लागेल. कुठे आहे?"

"मोठा मुलगा नाही," बटणवाली म्हणाली. "मी आहे. मी यांची बायको."

कारभाऱ्याने तिच्याकडे बघितलं. म्हणजे तिच्या दिशेने. नजर तिच्या खांद्यावरून नवऱ्याकडे घसरली. "या कोण?"

"बायको आहे साहेब माझी," नवरा म्हणाला, आणि मग हळूच तिच्या कानात, "अगं, माझ्या नावावर करून टाकू ना. कशाला घोळ?"

"तुमच्या नावावर? गेल्या खेपेला मित्राला जामीन राहिलात तेव्हा घरातली शिलाईमशीन गेली. ही खोली माझ्या नावावर लागेल, नाहीतर लागणारच नाही."

"नाव कुणाचंही लावा," कारभारी म्हणाला, "पण मोठ्या मुलाच्या सहीशिवाय कागद होत नाही. उद्या मुदत संपते. आणि बाई, तुम्ही इथे राहता असं मला एकानेही सांगितलेलं नाही. मुलाबद्दल सगळ्यांनी सांगितलं."

बटणवाली गर्दीकडे वळली. "सांगा ना यांना! मावशी! दादा!"

फळवाली डोळे बारीक करून बघत होती. "मुलगा आहे साहेब. रोज बघते मी. गुणी आहे." ती अवघडली. "ही बाई... बघितल्यासारखी वाटते खरी."

चाभीवाला मान हलवत होता. त्यांच्यात कुणी खोटं बोलत नव्हतं, हेच भयंकर होतं. बटणवालीला वाटलं, पायाखालची फरशी आपलं वजन घेत नाही. इतकी वर्षं स्वतःला काटत काटत आपण काट मारण्याजोगं काही शिल्लकच ठेवलं नाही. आणि मग तिला राग आला. तिचा राग प्रसिद्ध होता, आणि बरेच दिवस तोही तिने वाचवून ठेवला होता.

"बघितल्यासारखी वाटते?" ती कडाडली. "मावशी, तुझी टोपली पायरीवरून पडली तेव्हा संत्री वेचायला कोण वाकलं होतं, तुझा तो गुणी मुलगा? दादा, तुमच्या सदऱ्याला आत्ता जी बटणं आहेत ती कुणी लावली? आणि तुम्हाला तो दिसतो. दिसणारच! नवे बूट त्याचे, नवे कपडे त्याचे. फाटक्याकडे कोण बघतं?"

तिने बुटांची पिशवी टेबलावर ठेवली, बटण काजातून काढलं आणि नोटा कारभाऱ्यापुढे ओतल्या.

"हे त्याचे बूट. मोजून घ्या."

कारभारी मोजायला लागला. शेवटची नोट गठ्ठ्यावर पडली तशी फळवाली पुटपुटली, "बूट कुठले. अनवाणीच असायचा बिचारा."

दुकानात गारवा आला. बटणवालीने फळवालीकडे बघितलं, मग दुसरी पिशवी उघडली. "हे त्याचं बसभाडं. बोटीचं, आगगाडीचं, सगळं."

नोटा मोजल्या गेल्या. "बाहेर कधी पडायचा नाही तो," चाभीवाला विचार करत म्हणाला. "घरातच असायचा."

"हे त्याचे कपडे."

"मी एकदाच बघितला होता," मागून कुणीतरी म्हणालं. "दाराच्या फटीतून. की सावली होती?"

"हे त्याचं औषध."

"आजारी होता, नाही का?" फळवालीने उसासा सोडला. "वाचला नाही बहुतेक."

शेवटची पिशवी बटणवालीच्या हातात होती. सटरफटर सगळ्याची. त्यात त्याचे सिनेमे होते, पेन्सिली होत्या, गोळ्या-बिस्किटं होती, मिशा फुटल्यावरचं पहिलं वस्तऱ्याचं पातं होतं. बटण तिनेच लावलेलं. पण बोटांना काज सापडेना. धाकट्याने तिचा हात धरला. 

"आई, नको. एवढी राहू दे. तो कुठे जाईल?"

तिला खोली हवी होती. तिला तोही हवा होता, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. चेष्टेत वाढवला तरी तिनेच वाढवला होता. त्याच्या बुटांसाठी ती जेवढी भांडली होती तेवढी पोटच्या पोरांच्या बुटांसाठी भांडली नव्हती. तिने मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पिशवी उघडली नसती, असं ती पुढे सांगायची.

"तो माझ्या पोटाला काढलेल्या चिमट्यांतून आला," ती म्हणाली. "परत माझ्याकडेच येईल."

तिने बटण काढलं.

कारभाऱ्याने शेवटचा गठ्ठा बांधून खणात टाकला. खण सरकवला. कुणीतरी दाराशी विचारलं, "कोण वाचला नाही?" आणि फळवाली म्हणाली, "कोण? मी कुठे काय म्हणाले?"

कारभाऱ्याने मान वर केली. त्याची नजर बटणवालीच्या तोंडावर येऊन थांबली, घट्ट, जागच्या जागी.

"अहो बाई, तुम्ही उभ्या का? बसा ना. कधीपासून उभ्या आहात?" त्याने आपल्या कागदावर बघितलं, भुवया आक्रसल्या आणि तिकडे फारसं लक्ष न देता विचारलं, "नाव तुमचंच लावायचं ना?"

"माझंच," बटणवाली म्हणाली. मग ती बसली, कारण पाय खरोखर दुखत होते.

पुढच्या पगाराला तिने कडी लावली, हप्ता बाजूला काढला आणि ढीग लावले. नवरा आणि पोरं बघत होती. पहिला ढीग तिने स्वतःचा घातला, आणि त्यातून दुसऱ्याच दिवशी चष्मा आणला. मग नवऱ्याचा, मग पोरांचा. भिंतीच्या बाजूला तिचा हात गेला आणि थांबला.

"आता चारच ना?" नवऱ्याने घाबरत विचारलं.

"हप्ते आहेत. तुमचा हात आहे. माझे डोळे आहेत. चारावर कसं भागेल?" तिने पाचवा ढीग घातला. बारीक, पण घातला.

"हा कुणाचा?"

"म्हातारीचा."

"कुठली म्हातारी?"

"मी होईन ती. यावेळी परक्याला द्यायचं नाही. आणि माझा वाटा मोडून तिला घालायचा नाही, नाहीतर ती यायच्या आधी मीच जायची."

"आणि माझा म्हातारा?" नवरा म्हणाला.

"तो तिच्या जिवावर बसून खाईल. सवय आहे त्याला."

बऱ्याच दिवसांनी घरात कुणी हसलं. धाकटाही हसला, पण हसून झाल्यावर त्याने भिंतीच्या बाजूला एकदा बघून घेतलं.

हिवाळा सरला. थोरली एका दवाखान्यात नोकरीला लागली, हप्ते वेळेवर जात राहिले. बटणवाली आता सुट्टीला घरच्यांबरोबर बोटीत बसायची आणि पाण्याला घाबरून काठाला घट्ट धरायची. मुकादम हजेरीत तिचं नाव चुकवत नव्हता. उलट तिच्या तोंडाची त्याला पुन्हा भीती वाटायला लागली होती.

एका सकाळी ती कामावर निघाली तर फळवालीने हाक मारली.

"काय गं, सासू आली वाटतं राहायला?"

"माझी सासू कधीच गेली, मावशी."

"मग आई असेल. तुझ्यासारखीच हुबेहूब. काल दुपारी तुमच्या जिन्यात बसली होती, उन्हाला पाय पसरून. पिकलेले केस."

बटणवाली पायरीवर थबकली. जिन्याकडे बघायला तिची मान वळली नाही. पण पायही पुढे पडले नाहीत. ती हळूच फळवालीजवळ उकिडवी बसली आणि आवाज खाली आणून विचारलं,

"कशी होती गं? खाऊन-पिऊन वाटत होती ना?"

फळवालीने संत्रं पुसत जरा आठवलं.

"जरा हाडकुळी होती."

"दात?"

"आहेत की. हसली ना माझ्याकडे बघून."

बटणवालीने मान हलवली. त्या संध्याकाळी घरी येताना तिने मुकादमाकडून अंगावरच्या बटणांचं एक जादा गाठोडं मागून घेतलं.